टेकडीचं बिल कोण भरणार?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून पुणेकर संध्याकाळी खुर्चीत बसून दुसऱ्याचं ऐकतो आणि सकाळी टेकडीवर जाऊन त्यावर आपलं मत सांगतो. माझा आजचा विषय या दोन सवयींपैकी दुसरीच्या जागेबद्दल आहे. संयोजकांनी मला 'शहरातल्या सार्वजनिक मोकळ्या जागा' असा ऐसपैस विषय दिला. त्यातल्या बागांवर मी थोडं बोलेन, टेकड्यांवर जास्त बोलेन आणि पैशावर सगळ्यांत जास्त. सभेत पैशाचं बोलणं बरं दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पन्नास वर्षं आपण टेकडीवर प्रेमाने बोलतो आहोत आणि टेकडी कमीच होते आहे. तेव्हा आज जरा हिशेबाचं बोलू.

आधी बागा. पुण्याच्या बागेची गोष्ट सारसबागेपासून सुरू करावी, कारण ती मुळात बाग नव्हतीच, पाणी होतं. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबील ओढा पर्वतीच्या पायथ्याशी वळवून नानासाहेब पेशव्यांच्या काळात तिथे तळं झालं. तळ्याच्या मधोमध बेट राखलं, त्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत गणपती बसला. पुढे विसाव्या शतकात तळं बुजलं आणि त्याची बाग झाली. शेजारी १९५३ मध्ये पेशवे उद्यान झालं, तिथे प्राणिसंग्रहालय आलं, १९५६ मध्ये फुलराणी ही छोटी आगगाडी सुटली. या सभागृहातली निम्मी मंडळी त्या गाडीत बसलेली असणार, उरलेल्या निम्म्यांनी नातवंडांना बसवलं असणार. प्राणी पुढे कात्रजला गेले. म्हणजे जे पाणी कात्रजहून आलं होतं त्याच्या जागी आलेले प्राणी शेवटी कात्रजला परतले! इतिहासालाही कधी कधी पुणेरी विनोद सुचतो.

बाकीच्या बागा तुम्हाला माहीत आहेत. एम्प्रेस गार्डन महापालिकेचं नाही, १८३० साली स्थापन झालेली एक बागायती संस्था ते आजही सांभाळते, जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरवते. बंड गार्डन मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्यामुळे झालं, आणि त्या बंधाऱ्याला मुंबईच्या जमशेटजी जीजीभॉय यांचे पैसे लागले होते. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. गणेशखिंडीतली १८७३ सालची सरकारी बाग आता कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि २०२० मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. महापालिकेच्या लहानमोठ्या बागा मोजल्या तर दोनशेच्या वर जातात. आकडा वाईट नाही.

पण बाग म्हटली की भिंत आली, फाटक आलं, रखवालदार आला आणि पाटी आली. गवतावर चालू नये, फुलं तोडू नयेत, चेंडू खेळू नये, डबा खाऊ नये. पाट्या लिहिण्यात आपला हात कुणी धरणार नाही. त्यातही माझं भांडण एका पाटीशी आहे, ती म्हणजे वेळेची. आपल्या बऱ्याच बागा सकाळी अकराच्या सुमाराला बंद होतात आणि चार-पाचला उघडतात. एप्रिल महिन्यात दुपारी एक वाजता सावलीची गरज कुणाला असते? ज्यांच्या घरी पंखा आहे, त्यांना नसते. चार घरची धुणीभांडी आटोपून पुढच्या चार घरी जाण्याआधी तासभर टेकायचं असतं त्या बाईला असते. डिलिव्हरीची पिशवी पाठीवर घेऊन दुचाकीवर बसल्या बसल्या फोन बघत ऑर्डरची वाट पाहणाऱ्या मुलाला असते. बांधकामावरच्या मजुराला, स्पर्धा परीक्षेच्या पोराला, ससूनला पेशंट भरती करून बाहेर थांबलेल्या गावाकडच्या नातेवाइकाला असते. नेमक्या त्या वेळी फाटकाला कुलूप. वडाची सावली आत पडते आणि माणसं बाहेर, फुटपाथवर, भिंतीच्या कडेला बसतात. कारण विचारलं तर उत्तर मिळतं की दुपारी 'नको ती माणसं' येऊन बसतात. म्हणजे सार्वजनिक बाग कुणाची, हे आपण कुलपाच्या वेळेने ठरवून टाकलेलं आहे.

हाच प्रश्न घेऊन टेकडीवर जाऊ.

टेकडीला फाटक नसतं. फर्ग्युसनच्या मागच्या टेकडीवर १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले तीन सहकाऱ्यांसह गेले आणि भारत सेवक समाजाची शपथ त्यांनी तिथे घेतली. कुणाची परवानगी नाही, भाडं नाही, मांडव नाही. आज तिथे स्मारक आहे, त्याच्या बाजूला बसून लोक गुडघ्यांचे व्यायाम करतात. माझी त्याला हरकत नाही. गोखल्यांचीही नसती.

पण टेकडी सगळ्यांची होती, असं सरसकट म्हणायच्या आधी पर्वतीकडे बघावं लागतं. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही पर्वतीच्या पायऱ्या चढले. देवळात जायचं, एवढीच मागणी. एस. एम. जोशींसारखे तरुण त्यांच्याबरोबर होते. वरून दगड आले, सत्याग्रही रक्तबंबाळ झाले, आणि देवळाचं दार त्या वेळी काही उघडलं नाही. ज्या पायऱ्या आपण आज रक्तातली साखर कमी करायला चढतो, त्यांच्यावर हे घडलेलं आहे. पर्वतीवर एवढ्या पाट्या आहेत, या दिवसाची आठवण मात्र चढणाऱ्या शंभरांतल्या एकालाही नसते. पुढे शहर वाढलं. १९६१ साली १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पूरग्रस्तांसाठी टेकड्यांच्या पायथ्याशी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. मग कामासाठी गावाकडून आलेल्यांना सपाटीवर जागा परवडेना, त्यांनी उतार धरला. पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत बघा. तिथल्या माणसाला टेकडी मोकळी राहावी असं वाटत नाही, असं समजू नका. त्याच्या घरात ऊन नसतं, त्याच्या पोराला खेळायला घराबाहेर दोन हात जागा नसते. टेकडीची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे. पण टेकडी वाचवण्याच्या सभेला तो नसतो, कारण सभेतल्या पहिल्या दहा वाक्यांत त्याचंच नाव 'अतिक्रमण' म्हणून येतं. उतारावरच्या झोपडीला आपण एक शब्द वापरतो आणि त्याच उतारावरच्या बंगल्याला दुसरा, 'हिल व्ह्यू'. असो. या शब्दाकडे मला परत यायचंच आहे.

आता टेकडी काय काम करते ते पाहू. मी मुद्दाम 'काम' म्हणतो. आपल्या बहुतेक भाषणांत टेकडी नुसती सुंदर असते.

पुण्याखालचा खडक म्हणजे लाव्हाचे एकावर एक पसरलेले थर, चिरोट्याच्या पदरांसारखे. काही पदर घट्ट, त्यांतून पाणी जात नाही. काही भेगाळलेले, सच्छिद्र, त्यांत पाणी शिरतं, आडवं सरकतं आणि पदर जिथे उघडा पडतो तिथे झरा म्हणून बाहेर येतं. टेकडीच्या माथ्यावर पडलेला पाऊस असा हळूहळू खाली उतरतो. वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणींत तर पाणी साठून राहतं. खाणवाल्यांनी टेकडीला पाडलेली खिंडारं आज पाणी मुरवतात आणि पक्ष्यांना पाजतात! बावधनचा झरा, राम नदी, पायथ्याच्या सोसायट्यांच्या विहिरी आणि बोअर यांचं नातं त्या वरच्या पावसाशी आहे. फेब्रुवारीपासून टँकर मागवणाऱ्या सोसायटीच्या सभेत 'समोरच्या टेकडीवर काय चाललंय' हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर असायला हवा. तो कधी असतो का?

नानासाहेब पेशव्यांना हे माहीत होतं. १७४९-५० च्या सुमाराला त्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून, नुसत्या उताराच्या जोरावर, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं. वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवले. पंप नाही, वीज नाही. त्यांच्या दृष्टीने कात्रजचा डोंगर हा शहराच्या नळाचा वरचा भाग होता.

आणि हा वरचा भाग बिघडला की काय होतं? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचं तुम्हाला सांगायला नको. त्याच आंबील ओढ्याला पूर आला. काही तासांच्या पावसात कात्रज, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी इथल्या भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, वीसहून अधिक माणसं गेली. पाऊस अचाट होता, हे खरं. पण डोंगराचा उतार उघडा करायचा, त्यावर काँक्रीट ओतायचं, खाली ओढ्याचं पात्र आवळायचं आणि मग पावसाला अचाट म्हणायचं, हे किती दिवस चालणार?

टेकडीच्या झाडांबद्दल एक बाजूची गोष्ट सांगतो, कारण त्यात आपली हौसही नडली आहे. वनखात्याने टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून गिरिपुष्प लावलं, लोक ज्याला उंदीरमारी म्हणतात ते. मध्य अमेरिकेतलं झाड, झपाट्याने वाढतं. टेकडी हिरवी झाली, सगळे खूश. पण आपल्या टेकड्या मुळात दाट जंगलाच्या नाहीतच. त्या गवताच्या, अधूनमधून झाडांच्या. सालई, मोई, मेडशिंगी, हेंकळ, उतारावर धायटी. त्या गवतात चंडोल घरटं करतो, तित्तर पळतो, संध्याकाळी वाटेवर रातवा बसतो. उंदीरमारीच्या गच्च रांगांखाली हे गवत टिकत नाही. तरीही दर पावसाळ्यात आपण फावडी घेऊन जातो, जिथे चांगलं गवत आहे तिथे खड्डे घेतो, वडाचं रोप लावतो, फोटो काढतो आणि उन्हाळ्यात ते मरतं. प्रा. श्री. द. महाजनांसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी देशी-विदेशी झाडांवर पुस्तकं लिहून ठेवली आहेत, ती वाचून मग खड्डा घ्यावा. किंवा घेऊच नये. गवत राखणं हेही वृक्षारोपणाइतकंच पुण्याचं काम आहे, फक्त त्याचा फोटो येत नाही.

आता येतो पैशाकडे.

टेकडी राखायचे आपले नियम कसे झाले ते थोडक्यात सांगतो. एकास पाचपेक्षा तीव्र उतार असेल तर तिथे बांधायचं नाही, हा जुना नियम. १९८७ च्या विकास आराखड्यात डोंगरमाथा-डोंगरउतार असा वेगळा विभागच आला. १९९७ मध्ये भोवतालची गावं महापालिकेत आली आणि त्यांच्याबरोबर बाणेर, पाषाण, बावधन, कोथरूड, वारजे, धनकवडी, कात्रज या बाजूंच्या टेकड्या शहराच्या हद्दीत आल्या. त्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकावं, म्हणून या शहरातल्या लोकांनी सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या. २०१५ मध्ये राज्य सरकारने ते आरक्षण मंजूर केलं. सुमारे ९७६ हेक्टर, म्हणजे चोवीसशे एकर. बीडीपी म्हणतात ते हेच. एखाद्या भारतीय शहराने एवढी जमीन बांधकामाच्या तोंडातून काढावी, ही लहान गोष्ट नाही. ज्यांनी ते घडवलं त्यांना माझा नमस्कार.

पण आरक्षण म्हणजे नकाशावरचा हिरवा रंग. सातबाऱ्यावर नाव अजून मालकाचंच आहे. हा मालक कोण? वनखातं काही ठिकाणी आहे, शिक्षणसंस्था आहेत, बिल्डरही आहेत, नाही असं नाही. पण कित्येक ठिकाणी तो गावातला शेतकरी आहे. खालचं शेत रस्त्याला गेलं, मधलं आयटी पार्काला गेलं, वरची वरकस जमीन उरली. त्याला शहराने सांगितलं की या जमिनीवर काही बांधायचं नाही. बरं, मग मोबदला? आठ टक्के टीडीआर. एका एकराचे ४३,५६० चौरस फूट. त्याचे आठ टक्के म्हणजे जेमतेम ३,४८५ चौरस फुटांचा बांधकाम हक्क, तोही दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा. साध्या आरक्षणाखाली जमीन गेली असती तर याच्या कित्येक पट मिळालं असतं. आणि २०१३ च्या कायद्याने रोख मोबदला द्यायचा, तर बाजारभावाच्या दुप्पट द्यावा लागेल. तो महापालिकेला झेपत नाही, म्हणून ती देत नाही. मालक आठ टक्के घेत नाही. जमीन तशीच पडून राहते. आणि पडून राहिलेल्या जमिनीचं पुण्यात काय होतं? एका रात्री जेसीबी चढतो. उतार सपाट होतो. गुंठ्या-गुंठ्याने विकला जातो. आधी पत्र्याची शेड, मग मंगल कार्यालय, मग तिथे पाण्याचा नळ, विजेचा मीटर. मग आपण सभा घेतो.

आता 'हिल व्ह्यू' या शब्दाकडे परत येतो. पायथ्याशी उभ्या राहिलेल्या इमारतीत ज्या फ्लॅटच्या गॅलरीतून टेकडी दिसते त्याची किंमत जास्त असते. ती जास्तीची किंमत कोण कमावतो? आधी बिल्डर कमावतो, पुढे फ्लॅट विकताना आपण कमावतो. विहिरीला पाणी राहतं ते आपल्या. सकाळी फिरायला जातो ते आपण, आपल्याच हृदयाचे ठोके ताळ्यावर राहतात. टेकडी मोकळी राहिल्याचा सगळा नफा पायथ्याला आणि तोटा एकट्या माथ्याच्या मालकाला. याला आपण पर्यावरणप्रेम म्हणतो. मालकाच्या भाषेत याला काय म्हणतात, ते मी या व्यासपीठावरून सांगत नाही.

हा पेच फक्त आपल्यालाच पडला आहे असं नाही. लंडनमधल्या हॅम्पस्टेड हीथचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे १८२९ पासून मालक, सर थॉमस मॅरियन विल्सन, बांधकामाची परवानगी मागत होता आणि शहरातले प्रतिष्ठित लोक ती अडवत होते. विशेष म्हणजे अडवणाऱ्यांतल्या पुष्कळांची घरं त्या माळाच्या काठालाच होती. चाळीस वर्षं हेच चाललं. अखेर तो वारला आणि १८७१ च्या कायद्याने शहराच्या मंडळाने ती जागा ४५,००० पौंड मोजून घेतली. पैसे मोजले तेव्हा भांडण मिटलं. त्याआधीच्या चाळीस वर्षांतली भाषणं मिटवू शकली नव्हती.

आणि हे लंडनलाच जमतं असंही समजू नका. वारज्याला वनखात्याची उजाड, अतिक्रमणाच्या वाटेवरची टेकडी होती. वनखातं, नागरिक आणि कंपन्या यांनी मिळून तिचं स्मृतिवन केलं. २०२० मध्ये केंद्र सरकारने शहरी वनांची योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून वारज्याचंच नाव पुढे केलं. मात्र तिथे एक सोय होती. जमीन आधीच सरकारची होती, मालकाशी हिशेब करायचा नव्हता. जिथे तो करायचा आहे तिथे आपली गाडी अडते.

एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. बालभारती ते पौड फाटा हा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून जाणारे बोगदे यांना त्यांचा विरोध होता. त्याच महिन्यात नदीकाठची झाडं वाचवण्यासाठी पुण्यात चिपको झालं. विद्यार्थी होते, आज्या होत्या, कुत्र्यांना घेऊन आलेले लोक होते. ज्यांना वाटतं की पुण्यात आता कुणी कशासाठी घराबाहेर पडत नाही, त्यांनी ते फोटो बघावेत. माझा त्या मोर्चांना पूर्ण पाठिंबा आहे. पण मोर्चा रस्ता थांबवतो, जमीन विकत घेत नाही. रस्ता थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाच्या दारात कोण जातं? जेसीबीवाला जातो. आपण गेलं पाहिजे.

काय घेऊन जायचं? माझी सूचना साधी आहे. तुमच्या मिळकतकराचं बिल काढून बघा, त्यात वृक्षसंवर्धन कराची एक ओळ असते. १९७५ च्या झाडांच्या कायद्याने ती आली. तशीच टेकडीची एक ओळ असावी. सगळ्यांना सारखी नको. टेकडीच्या पायथ्याला, जिथे गॅलरीतून टेकडी दिसते तिथे, जास्त. झोपडीला शून्य. हा पैसा वेगळ्या खात्यात राहावा, त्यातून रस्त्याचे खड्डे बुजवले जाऊ नयेत. त्यातून दोन कामं व्हावीत. दरवर्षी थोडी थोडी जमीन रीतसर मोबदला देऊन घ्यावी, सगळ्यांत धोक्यात असलेली आधी. आणि जी घ्यायची राहिली आहे तिच्या मालकाला दरवर्षी गुंठ्यामागे खंड द्यावा. शेतजमीन दुसऱ्याने कसायला घेतली की मालकाला खंड मिळतो, ही रीत गावात सगळ्यांना कळते. शहर त्याची जमीन पाणी मुरवायला वापरतं आहे, मग शहराने खंड द्यावा. जमीन मोडली, सपाट केली, की त्या वर्षीपासून खंड बंद. मग उतार राखण्यात मालकाचा फायदा होईल, आणि जेसीबी चढला की पहिला फोन तोच करील.

लोक म्हणतील, आणखी एक कर? हो, आणखी एक कर. दर रविवारी सकाळी टेकडी उतरल्यावर आपण ज्या नाश्त्याच्या रांगेत उभे राहतो, तिथलं बिल आपण कुरकुर न करता देतो.

शिवाय, कर भरणारा प्रश्न विचारतो. पैसे गेले की माणूस विचारू लागतो, माझी टेकडी किती घेतलीत, कुठे घेतलीत, कुंपण का घातलंत, जनता वसाहतीतून वर जायला नीट पायवाट का नाही, तळजाईला बाकं टाकलीत पण पिण्याचं पाणी का नाही. आणि एकदा प्रश्न विचारायची सवय लागली की दुपारी बागेला कुलूप का, हेही तो विचारील. त्या कुलपाला तर एक पैसाही लागत नाही, नुसता आदेश पुरतो. तो या उन्हाळ्याच्या आधी निघावा.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं ठेवली आहेत. चिठ्ठ्या पुढे येऊ द्यात. बाणेर, पाषाण, बावधन, वारज्याच्या टेकड्यांवर ज्यांची जमीन आहे असं कुणी सभागृहात असेल, तर पहिला प्रश्न त्यांचा घ्यावा, आणि माझा खंडाचा हिशेब कुठे चुकतो ते त्यांनीच सांगावं.